ज्वालामुखीचें पंचांग

‘चक्र’ हा शब्द आपल्या कानांस फार गोड लागतो. ऋतूंचें चक्र, ग्रहांचें चक्र, प्रभवापासून क्षयापर्यंत साठ संवत्सरांचें चक्र, चार युगांचें चक्र, अशीं चक्रें आपण लहानपणापासून ऐकत आलों आहोंत. एखादी आपत्ति चक्रांत बसविली कीं तिचें निम्में भय नाहींसें होतें. कारण जें एकदां येऊन गेलें तें पुन्हां येणार आणि पुन्हां जाणार, आपण फक्त वाट पाहावयाची, असें समाधान मनास मिळतें. हें समाधान पुष्कळदां योग्यही असतें. अमावास्येनंतर चंद्र पुन्हां वाढेल कीं नाहीं याची काळजी कोणी करीत बसत नाहीं. परंतु जेथें चक्र नाहीं तेथें तें आहे असें मानून वाट पाहत बसणें मात्र फार महाग पडतें. अशाच एका मानलेल्या चक्राची परीक्षा या महिन्यांत करावयाची आहे.

हल्लीं चार शहाणीं माणसें हवामानाविषयीं बोलूं लागलीं कीं एक वाक्य हटकून कानीं येतें. उन्हाळे कडक होत आहेत, पाऊस वेळेवर येत नाहीं व आला तर मोजका येत नाहीं, हें सर्व मान्य करून कोणीतरी म्हणतो, “अहो, पृथ्वीच्या पोटांतल्या ज्वालामुखींचें एक चक्र असतें. तें जोरांत आलें कीं पृथ्वी निवते, मंद झालें कीं तापते. त्यांत माणसाचा काय दोष, आणि माणसानें करावयाचें तरी काय?” या वाक्यांत थोडें सत्य आहे, आणि थोडें सत्य असलेलें वाक्य तपासावयास नेहमींच अधिक वेळ लागतो. शास्त्रार्थाची जुनी रीत अशी कीं, प्रथम पूर्वपक्ष त्याच्या पूर्ण बळानिशीं मांडावा आणि मग उत्तर द्यावें. तीच रीत येथें पाळूं.

ज्वालामुखी हवामान बदलतो हें पूर्वपक्षाचें पहिलें विधान निर्विवाद खरें आहे. मात्र तो तें कसें बदलतो याविषयींची सामान्य समजूत बरोबर नाहीं. डोळ्यांस दिसणारी राख जड असते. ती कांहीं दिवसांत, फार तर कांहीं आठवड्यांत, खालीं बसते. खरें काम करणारी वस्तु म्हणजे गंधकाचा वायु, सल्फर डायॉक्साइड. आगकाडी ओढतांच नाकाला जो झणझणीत वास येतो तो याचाच. हा वायु ढगांच्या उंचीपर्यंतच चढला तर पावसाबरोबर धुऊन निघतो. परंतु उद्रेक जोराचा असला तर तो ढगांच्याही वर, पंधरावीस किलोमीटरांपलीकडे, स्थितांबर नांवाच्या शांत थरांत पोहोंचतो. तेथें पाऊस नाहीं, म्हणून धुणारेंही कोणी नाहीं. तेथें त्यापासून गंधकाम्लाचे अतिसूक्ष्म थेंब बनतात आणि वारे ते पृथ्वीभर पसरवितात. उन्हाळ्यांत अंगणावर पातळ मलमलीचा मांडव घातला तर सावली गडद पडत नाहीं, पण ऊन सौम्य होतें. तसाच हा मांडव. तो वर्षदोन वर्षें टिकतो, मग थेंब हळूहळू खालीं उतरतात आणि ऊन पूर्ववत् होतें.

यावरून एक गोष्ट ध्यानांत येईल. प्रत्येक ज्वालामुखी हवामानाचा स्वामी नव्हे. अंदमानच्या समुद्रांत बॅरन नांवाचें बेट आहे. भारतांतील एकमेव जागृत ज्वालामुखी तोच. दीर्घ विश्रांतीनंतर १९९१ सालीं तो पुन्हां पेटला आणि त्यानंतर अनेकदां धुमसला. त्यामुळें आपल्याकडील उन्हाळा एका अंशाच्या शतांशानेंही कमी झाला नाहीं. गंधक पुष्कळ हवा, तो उंच जावयास हवा, आणि साऱ्या पृथ्वीवर पसरण्यासाठीं उद्रेक विषुववृत्ताच्या आसपास झालेला बरा. या तिन्ही गोष्टी जुळून आल्या तरच मांडव पडतो. जानेवारी २०२२ मध्यें पॅसिफिक महासागरांतील टोंगा बेटांजवळ समुद्राच्या तळाशीं झालेल्या उद्रेकाचा लोट पन्नास किलोमीटरांहून अधिक उंच गेला. पण त्यांत गंधक थोडा आणि समुद्राच्या पाण्याची वाफच फार. म्हणून इतकी उंची गांठूनही मोठा शीतकाळ आला नाहीं.

हें विवेचन पडताळून पाहण्याची संधि १९९१ सालीं आली होती. त्या वर्षीं १५ जून रोजीं फिलिपाइन्समधील पिनाटुबो पर्वत शतकांच्या झोंपेंतून उठला आणि त्यानें दीडदोन कोटी टन गंधकवायु स्थितांबरांत फेंकला. अमेरिकेंतील जेम्स हॅन्सन आणि त्यांचे सहकारी यांनीं गणित मांडून सांगितलें कीं, १९९२ सालीं पृथ्वीचें सरासरी तापमान सुमारें अर्धा अंश सेल्सिअस उतरेल आणि मग कांहीं वर्षांत पूर्वपदावर येईल. हें भाकीत परिणाम पुरता दिसण्यापूर्वींच छापून प्रसिद्ध झालें होतें, आणि पुढें घडलेंही तसेंच. ग्रहण होऊन गेल्यावर त्याचें कारण सांगणारे पुष्कळ असतात. ग्रहण आधीं वर्तविणाऱ्यालाच आपण ज्योतिर्गणित कळतें असें म्हणतों. त्या कसोटीला हें शास्त्र उतरलें.

पिनाटुबोपेक्षां कितीतरी मोठा उद्रेक एप्रिल १८१५ मध्यें इंडोनेशियांतील सुंबावा बेटावर झाला. तंबोरा नांवाच्या पर्वताचा सुमारें दीड हजार मीटर उंचीचा शेंडा त्यांत नाहींसा झाला. त्या वेळीं जावा बेटाचा कारभार इंग्रजांकडे होता व स्टॅम्फर्ड रॅफल्स हे तेथील अधिकारी होते. दूरच्या स्फोटांचे आवाज तोफांसारखे ऐकूं आल्यामुळें कोण्या ठाण्यावर हल्ला झाला असावा असें समजून सैन्याची एक तुकडी रवाना करण्यांत आली. शत्रु शोधून सांपडला नाहीं. दुसऱ्या दिवसांपासून राख मात्र पडूं लागली. पुढील वर्ष, १८१६, हें युरोप-अमेरिकेच्या इतिहासांत ‘उन्हाळ्याविना वर्ष’ म्हणून प्रसिद्ध आहे. अमेरिकेच्या ईशान्य भागांत जून महिन्यांत बर्फ पडलें. पश्चिम युरोपांत पावसानें व थंडीनें धान्य कुजलें, भाव चढले, स्वित्झर्लंडमध्यें लोक उपाशी मेले. चीनच्या युन्नान प्रांतांतही भात पिकला नाहीं व दुष्काळ पडला. ज्या शेतकऱ्याच्या शेतांत तें बर्फ पडलें त्यास सुंबावा बेटाचें नांवही ठाऊक नव्हतें. मांडव कोणी घातला हें न कळतां सावलींत बसलेल्या माणसासारखी जगाची स्थिति झाली होती.

हा संबंध जोडण्याचा पहिला प्रयत्न मात्र तंबोराच्याही आधींचा आहे. ८ जून १७८३ रोजीं आइसलंडमधील लाकी येथें जमिनीला सुमारें २७ किलोमीटर लांबीची भेग पडून तीमधून आठ महिने शिलारस आणि वायु निघत राहिले. गवत विषारी झालें, बहुतेक मेंढ्या मेल्या, आणि त्यापाठोपाठच्या उपासमारीनें त्या देशाची सुमारें एक पंचमांश प्रजा नष्ट झाली. युरोपभर कोरडें धुकें पसरलें. त्या वेळीं अमेरिकेचे वकील म्हणून फ्रान्समध्यें असलेले बेंजामिन फ्रँकलिन यांनीं १७८४ सालीं एक टिपण लिहिलें. त्या उन्हाळ्यांत सूर्याचे किरण भिंगानें एकत्र करूनही तपकिरी कागद जेमतेम पेटे, असें निरीक्षण त्यांत आहे, आणि त्याचें कारण आइसलंडमधील ज्वालामुखीचा धूर असावा असा तर्कही आहे. पुढचा हिंवाळा अतिकडक गेला.

त्याच १७८३ सालीं, म्हणजे विक्रम संवत् १८४० मध्यें, उत्तर हिंदुस्थानांत भयंकर दुष्काळ पडला. संवताच्या चाळीस या अंकावरून लोकांनीं त्यास ‘चालीसा’ असें नांव दिलें. नाईल नदीलाही त्या वर्षीं पाणी कमी आलें. लाकीच्या उद्रेकानें उत्तर गोलार्ध निवाला आणि त्यामुळें आफ्रिकेंतील व आशियांतील मोसमी पाऊस दुबळा झाला असें गणितावरून दिसतें. हें वाचतांच चालीसाचा सारा दोष लाकीच्या माथीं मारण्याचा मोह होतो. पण इतिहासकार असेंही दाखवितात कीं, पॅसिफिक महासागरांतील एल निनोच्या प्रभावानें त्यापूर्वींच अवर्षणाचीं वर्षें सुरू झालीं होतीं. येथें काकतालीय न्यायाची आठवण ठेविली पाहिजे. कावळा बसावयास आणि ताडाचें फळ पडावयास एक गांठ पडली, एवढ्यावरून कावळ्यानें फळ पाडलें असें ठरत नाहीं. तंबोरा १८१५ सालीं फुटला, बंगालमध्यें जेसोरला १८१७ सालीं पटकीची मोठी सांथ उठली, आणि १८१८ सालीं पेशवाई बुडाली. पटकीचा आणि तंबोराचा संबंध असावा असें कांहीं इतिहासलेखक मानतात. त्याचा विचार करतां येईल. पेशवाई मात्र आपण आपल्याच कर्मानें घालविली. तिच्यासाठीं सुंबावा बेटापर्यंत जावयास नको.

मोसमी पावसाचा जो संबंध वर आला तो आपल्या घरचा आहे, म्हणून थोडा खुलासा करतों. उन्हाळ्यांत जमीन समुद्रापेक्षां लवकर व अधिक तापते. त्यामुळें समुद्रावरील ओलसर हवा जमिनीकडे ओढली जाते आणि आपल्याकडे नैर्ऋत्येचा पाऊस येतो. गंधकाचा मांडव पडला कीं जमीन लवकर निवते, समुद्र सावकाश निवतो. दोहोंतील अंतर कमी होतें आणि ओढ सैल पडते. पिनाटुबोनंतर १९९२ सालीं जगांतील जमिनीवरचा पाऊस व नद्यांचे प्रवाह घटलेले मोजमापांत आढळले. थंड देशांतील माणूस ज्वालामुखीनंतर थंडीनें कुडकुडतो. आपल्या देशांतील माणसानें त्याच वेळीं आभाळाकडे पाहावयास हवें.

आतां पूर्वपक्षाचें दुसरें विधान घेऊं. हे उद्रेक ठराविक चक्रानें येतात काय? यासाठीं जुनी नोंद हवी. ती ग्रीनलंडच्या व दक्षिण ध्रुवाच्या बर्फांत मिळाली आहे. तेथें दर वर्षींचा हिमवर्षाव आदल्या वर्षाच्या थरावर बसतो, आणि आकाशांतून उतरलेलें गंधकाम्ल त्या त्या वर्षाच्या पानांत नोंदलें जातें. शास्त्रज्ञ नळीनें बर्फाचा दांडा काढून तीं पानें उलगडतात. विषुववृत्ताजवळ मोठा उद्रेक झाला तर दोन्ही ध्रुवांच्या बर्फांत एकाच वेळीं खूण उमटते. अशी एक प्रचंड खूण तेराव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास उमटलेली पुष्कळ वर्षांपासून ठाऊक होती, पण ती कोणत्या पर्वताची हें कोणालाच सांगतां येईना. अखेर २०१३ सालीं उलगडा झाला. इंडोनेशियाच्या लोंबोक बेटावरील समलस हा पर्वत १२५७ सालीं फुटला होता. आणि त्याच्या शोधांत जुन्या जावानी भाषेंतील ताडपत्रांवरच्या ‘बाबाद लोंबोक’ या ग्रंथाचाही उपयोग झाला. पर्वत कोसळल्याची व पामतान हें नगर गाडलें गेल्याची हकीकत त्यांत आहे. ताडपत्रानें नांव सांगितलें, बर्फानें त्याचा पसारा सांगितला. जुनी पोथी आणि नवें यंत्र एकमेकांची साक्ष देऊं शकतात याचें याहून सुंदर उदाहरण आमच्या पाहण्यांत नाहीं.

या बर्फाच्या दप्तरांतून असें दिसतें कीं, कधीं कधीं मोठे उद्रेक एकापाठोपाठ येतात, आणि तसें झालें म्हणजे समुद्र व बर्फ निवत जाऊन थंडीची मुदत वर्षांवरून दशकांवर जाते. इसवी सन ५३६, ५४० व ५४७ या सुमारास असे तीन उद्रेक झाले. ५३६ सालीं सूर्य वर्षभर चंद्रासारखा निस्तेज दिसत होता असें प्रोकोपियस या ग्रीक इतिहासकारानें लिहून ठेविलें आहे. त्यानंतरचा बराच काळ उत्तर गोलार्धांत थंड गेला. तेराव्या शतकांतील समलस व त्याच्या मागून आलेले उद्रेक यांनीं युरोपांतील दीर्घ शीतकाळाचा आरंभ केला असावा असें कित्येक तज्ज्ञांस वाटतें. पूर्वपक्षास येथपर्यंत मान्यता देण्यास हरकत नाहीं.

परंतु आतां तारखा ओळीनें मांडून पाहा. समलस १२५७, पेरू देशांतील वायनापुतिना १६००, लाकी १७८३, तंबोरा १८१५, क्राकाटोआ १८८३, पिनाटुबो १९९१. मधलीं अंतरें अनुक्रमें ३४३, १८३, ३२, ६८ आणि १०८ वर्षें. यांत साठ संवत्सरांचें, शंभर वर्षांचें किंवा दुसरें कोणतेंही चक्र बसत नाहीं. प्रत्येक पर्वताच्या पोटांत शिलारस आपल्या गतीनें सांचतो. एकाचें दुसऱ्याशीं सूत जुळलेलें नसतें. तंबोराच्या तोडीचा उद्रेक हजार वर्षांत एकदोन वेळां होतो असें सरासरीनें म्हणतां येईल, पण सरासरी म्हणजे मुहूर्त नव्हे. ‘अतिथि’ या शब्दाची व्युत्पत्ति, ज्याला तिथि नाहीं तो, अशी सांगतात. ज्वालामुखी या अर्थानें खरा अतिथि आहे. त्याचें पंचांग नाहीं.

मग चक्राची कल्पना सर्वस्वी खोटी काय? तसेंही नाहीं. काळाची मोठी पायरी घेतली तर एक मंद लय ऐकूं येते. पृथ्वीच्या आंसाचा कल सुमारें ४१ हजार वर्षांत किंचित् कमीजास्त होतो. अयनचलनामुळें ऋतु आणि सूर्याचें अंतर यांचा मेळ वीसेक हजार वर्षांत फिरतो. आणि कक्षेचा आकार लाख वर्षांच्या मुदतीनें बदलतो. अयनचलन आपल्या ज्योतिषास परिचित आहे. लोकमान्य टिळकांनीं १८९३ सालच्या ‘ओरायन’ ग्रंथांत वेदकालनिर्णयासाठीं त्याचाच आधार घेतला होता. मिल्युटिन मिलांकोविच या सर्बियन गणितज्ञांनीं विसाव्या शतकांत या तिन्ही गतींवरून हिमयुगांचें गणित मांडलें. हीं खरीं चक्रें आहेत, आणि तीं आकाशांतलीं आहेत.

त्यांचा ज्वालामुखीशीं संबंध असा. हिमयुगांत आइसलंडवर सुमारें दोन किलोमीटर जाडीचें बर्फ होतें. कुकरमधील पाणी दाबामुळें शंभर अंशांच्या वर जाऊनही शांत असतें; दाब एकदम काढला तर उसळतें. पृथ्वीच्या पोटांतील तप्त खडकाचें तसेंच आहे. वरचा दाब घटला कीं तो वितळूं लागतो. सुमारें बारा हजार वर्षांपूर्वीं तें बर्फ वितळलें आणि आइसलंडमधील उद्रेकांचें प्रमाण कित्येक पटींनीं वाढलें. पॅसिफिक महासागराभोंवतालच्या समुद्रतळांतील राखेच्या थरांतही ४१ हजार वर्षांची लय आढळल्याचें २०१३ सालीं कांहीं संशोधकांनीं मांडलें; तें अद्याप सर्वमान्य झालेलें नाहीं. पण येथें गाडी आणि बैल यांचा क्रम लक्षांत घ्या. या प्रकरणांत हवामान पुढें आणि ज्वालामुखी मागें आहे. पृथ्वी तापली, बर्फ वितळलें, म्हणून पर्वत पेटले. आणि पेटलेल्या पर्वतांतून निघालेल्या कार्बन डायॉक्साइडनें पृथ्वी आणखी तापण्यास थोडा हातभार लागला असावा. बी आधीं कीं अंकुर आधीं, असा हा बीजांकुर न्याय आहे.

आतां सर्वांत लांब पायरी. ती पाहण्यासाठीं महाराष्ट्रांतील वाचकांस दूर जावयास नको. ते तिच्यावरच उभे आहेत. सह्याद्रीच्या कड्यांतून जे आडवे थर एकावर एक पायऱ्यांसारखे दिसतात, ते सुमारें ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीं जमिनीच्या भेगांतून पसरलेल्या शिलारसाचे आहेत. आजही हा काळा पत्थर सुमारें ५ लाख चौरस किलोमीटर प्रदेशावर आहे व सह्याद्रींत त्याची जाडी दोन किलोमीटरांच्या घरांत जाते. वेरूळ-अजिंठ्याचीं लेणीं त्यांतच कोरलेलीं आहेत. घाटांतून जातांना काळ्या थरांच्या मध्यें कित्येक ठिकाणीं विटकरी रंगाचा पट्टा दिसतो. एक लोट निवून दुसरा येईपर्यंत जो काळ गेला, त्यांत पहिल्याच्या पृष्ठभागाची माती झाली. तीच दुसऱ्या लोटाखालीं भाजून निघाली. हे पट्टे सारख्या अंतरावर नाहींत. येथेंही विश्रांतीला ठरलेली मुदत नव्हती.

हा अग्निवर्षाव लाखों वर्षें थांबत थांबत चालला. गंधकाचा मांडव प्रत्येक वेळीं कांहीं वर्षांत विरला असेल. पण त्याबरोबर निघालेला कार्बन डायॉक्साइड हवेंत सांचत गेला. तो मांडव नव्हे, ती गोधडी आहे. ती ऊन अडवीत नाहीं, ऊब अडविते. समुद्रतळांतील सूक्ष्म जीवांच्या कवचांवरून त्या काळीं पृथ्वी कांहीं अंशांनीं तापल्याचें दिसतें. त्याच सुमारास मेक्सिकोजवळ एक मोठा अशनि आदळला आणि डायनोसॉरांसह पुष्कळ जीवजातींचा लोप झाला. त्यांत अशनीचा वांटा किती आणि आपल्या काळ्या पत्थराचा किती, हा वाद अजून चालू आहे. पुढें त्याच पत्थरानें उलट कामही आरंभिलें. पावसाचें पाणी हवेंतील कार्बन डायॉक्साइड घेऊन सौम्य आम्ल बनतें व खडक झिजवितें. झिजलेले क्षार नद्यांतून समुद्रांत जातात आणि चुनखडीच्या रूपानें तो कार्बन तळाशीं बसतो. विदर्भ-मराठवाड्यांतील कापसाची काळी माती ही त्याच झिजेची देणगी. पृथ्वीनें घेतलेलें ऋण पृथ्वीच फेडते. मात्र तिच्या हप्त्याची मुदत लाखों वर्षांची असते.

येथवर आल्यावर उत्तरपक्ष मांडण्यास अडचण उरली नाहीं. ज्वालामुखी निवविणारा असेल तर त्याचें काम दोनतीन वर्षांचें, उद्रेकांची माळ लागली तर कांहीं दशकांचें. ज्वालामुखी तापविणारा असेल तर त्याचें काम हजारों-लाखों वर्षांचें. गेल्या दीडशें वर्षांत पृथ्वीचें सरासरी तापमान एक अंशाहून अधिक चढलें आहे. तें या दोहोंपैकीं कोणत्याच मापांत बसत नाहीं. जमाखर्च पाहिला तर गोष्ट आणखी स्पष्ट होते. पृथ्वीवरील सर्व ज्वालामुखी मिळून वर्षास साधारणतः ३० ते ४० कोटी टन कार्बन डायॉक्साइड सोडतात असा अलीकडील अंदाज आहे. कोळसा, तेल व वायु जाळून माणूस वर्षास ३,७०० कोटी टनांच्या आसपास सोडतो. एकास शंभर असें हें प्रमाण पडतें. हवेच्या दर दहा लाख भागांत या वायूचे २८० भाग होते, ते आतां ४२० च्या वर गेले आहेत.

कोणी म्हणेल, हवेंतला वायु कोणाचा हें कसें ओळखावें? त्याचीही खूण आहे. कार्बनाचे अणु हलके व जड असे असतात. वनस्पति वाढतांना हलके अणु अधिक पसंत करतात, आणि कोळसा व खनिज तेल हीं प्राचीन जीवसृष्टीचींच अवशेषें असल्यामुळें त्यांत जड अणूंचें प्रमाण कमी असतें. ज्वालामुखींतून येणाऱ्या कार्बनांत तें तितकें कमी नसतें. आज हवेंतील जड अणूंचें प्रमाण वर्षानुवर्षें घटत आहे. चोर कोणत्या घरांतून आला हें त्याच्या पायांच्या मातीवरून कळावें, तसें हें कळतें.

आतां एक नवीनच सूचना पुढें आली आहे, आणि ती आपल्या दृष्टीनें फार महत्त्वाची आहे. ज्वालामुखी पृथ्वीस निववितो, तर आपणच विमानांनीं स्थितांबरांत गंधक फवारून त्याचें अनुकरण कां करूं नये? रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळालेले पॉल क्रुट्झेन यांनीं २००६ सालीं या उपायाचा अभ्यास तरी करावा असें लिहिलें. त्यांनाही तो आनंदाचा मार्ग वाटत नव्हता. पण वरील हकीकत वाचलेल्या वाचकांस प्रश्न सुचेलच. मांडवाखालीं मोसमी पावसाचें काय होणार? मांडव दोन वर्षांत विरतो, म्हणून तो सतत नवा घालावा लागेल, आणि एकदां हात थांबला तर दाबून ठेविलेली उष्णता थोड्याच वर्षांत वर येईल. शिवाय कोण्या एका देशानें हें काम आरंभिलें आणि त्या वर्षीं आपल्याकडे पाऊस ओढला, तर तो काकतालीय योग कीं त्याचाच परिणाम, याचा निवाडा कोणी करावयाचा? चालीसाचा निवाडा दोनशें चाळीस वर्षांनंतरही पुरता झालेला नाहीं. या प्रश्नाचीं उत्तरें मिळेपर्यंत ज्या देशाचें अन्न चार महिन्यांच्या पावसावर अवलंबून आहे, त्यानें या बाबतींत गप्प बसून चालणार नाहीं.

तात्पर्य, पूर्वपक्षानें एकाच शब्दांत दोन वेगळ्या गोष्टी गुंडाळल्या आहेत. तंबोरासारखा उद्रेक पुन्हां होणार हें निश्चित. तो केव्हां होणार हें कोणासही सांगतां येणार नाहीं. त्याच्यासाठीं कोठारांत धान्याचा सांठा, तळ्यांत पाणी आणि शेजारी देशांशीं सलोखा, एवढीच तयारी करतां येते, आणि ती आमच्या पूर्वजांना दुष्काळासाठीं ठाऊक असलेल्या तयारीहून फारशी निराळी नाहीं. परंतु आजची उष्णता हा तिथीवांचून आलेला पाहुणा नव्हे. तिची वही आपल्याच हस्ताक्षरांत आहे, तींतल्या रकमा दर वर्षीं आपणच चढवीत आहोंत, आणि पुढचें पान कोरें ठेवावें कीं भरावें हें ठरविण्याचें काम कोणत्याही पर्वताकडे सोंपवितां येणार नाहीं.